कोऱ्या तारखेच्या सह्या

माझ्या मामाने आयुष्यात जेवढी कुत्री धरली, त्याच्या निम्मी तरी माणसं बदडली असतील. मी त्याची भाची, तेव्हा मी थोडं त्याच्या बाजूने सांगणार हे धरूनच चाला. पण बदडलेल्यांपैकी एकाबद्दलही मला आजवर वाईट वाटलेलं नाही. याला कुणी मामाचे लाड म्हणत असेल तर खुशाल म्हणावं.

मामा जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. सव्वीस वर्षं एकाच डॉक्टरांकडे. बुटका, रुंद, आणि दोन्ही हातांवर कोपरापर्यंत चाव्यांच्या खुणा. आधी डॉक्टर सुई टोचायचे आणि मामा कुत्रं धरायचा. पुढे डॉक्टरांचे हात थरथरायला लागले तेव्हा दोन्ही कामं मामाकडेच आली. एका मुठीत मानेची सैल चामडी, दुसऱ्या हातात सुई, आणि कुत्र्याला काही कळायच्या आत काम उरकलेलं. ‘लस देणाऱ्याची सही’ असा रकाना लशीच्या पुस्तिकेत असतो, तिथे त्याची सही असायची. मोठी, ठसठशीत, शेवटी खाली ओढलेली एक रेघ. शाळा सहावीत सुटलेल्या माणसाला त्या सहीचा किती अभिमान होता ते आम्ही घरचेच जाणतो.

तर ही मारामारी कुठून आली? दवाखान्याच्या बाकावरून आली. पिल्लं विकणाऱ्यांनी फसवलेली माणसं तिथे येऊन रडायची. एकाच्या पिल्लाचा रंग पहिल्याच आंघोळीत बादलीत उतरला. एकीचं पिल्लू ठार बहिरं निघालं, आणि विकणाऱ्याने तिला सांगितलं होतं की हे फार शांत स्वभावाचं आहे. एका म्हाताऱ्या मास्तरांना उभ्या कानांचं परदेशी पिल्लू म्हणून दिलेलं, घरी आल्यावर कानांच्या आतली चिकटपट्टी सुटली आणि कान पडले. डॉक्टर चष्मा पुसत म्हणायचे, ‘‘तक्रार करा.’’ मामा हात धुऊन म्हणायचा, ‘‘चला.’’

मग तो त्या माणसाबरोबर विकणाऱ्याच्या दारात जायचा. पिल्लू त्याच्या मांडीवर ठेवायचा आणि म्हणायचा, ‘‘घे. मरायचं असेल तर तुझ्या अंगावर मरू दे.’’ बहुतेक जण तिथेच नरमायचे. जे नरमायचे नाहीत ते मार खायचे. मामाही खायचा. एकाने कुत्र्याची साखळी फिरवून त्याची भुवई फोडली, तेव्हा मामाने त्याचं डोकं कुत्र्यांच्या पाण्याच्या टाकीत बुडवलं आणि तीनदा वर काढून तीनदा विचारलं, बहिरं आहे हे माहीत होतं की नव्हतं? दुसऱ्याने दोन दांडगी कुत्री अंगावर सोडली. त्या दोघांना गेल्याच महिन्यात मामाने सुई टोचलेली होती. वास येताच दोघंही शेपूट घालून खाटेखाली गेली आणि मालक एकटाच उरला. हा किस्सा मामा दर वेळी नव्याने सांगायचा आणि दर वेळी मालकाचे दोन दात जास्त पडायचे.

घरी मात्र कुत्रं नाही. ‘‘दिवसभर तेच बघतो, घरी माणसं बरी,’’ असं त्याचं म्हणणं. मामी शाळेचे गणवेश शिवायची. मूलबाळ नाही, घरात दिवसभर मशीनचा आवाज आणि ती. तिला एक पिल्लू हवं होतं. दहा वर्षं ती म्हणत होती आणि दहा वर्षं मामा वर्तमानपत्र तोंडापुढे धरत होता.

शेवटी तिने न विचारता आणलं. तपकिरी, ढेपेसारखं, चार पायांवर नीट उभंही न राहणारं. आणलं ते चॅम्पियनकडून. हे टोपणनाव त्याला मामानेच दिलेलं, कारण त्याच्याकडच्या प्रत्येक पिल्लाचा बाप कुठल्या तरी स्पर्धेतला चॅम्पियन असायचा आणि आई कुणी कधीच पाहिलेली नसायची.

दोन दिवस मामा पिल्लाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी ते त्याच्या चपलेत झोपलं, तर हा अनवाणी कामाला गेला. पाचव्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे होते. मामा जेवायला आला आणि उंबऱ्यातच थांबला. तो वास त्याला सव्वीस वर्षं ओळखीचा होता. स्वयंपाकघराच्या फरशीवर रक्ताची हगवण, आणि मामी फडकं घेऊन गुडघ्यांवर बसलेली.

पार्वो. लस न दिलेल्या पिल्लांना होतो आणि तीन-चार दिवसांत नेतो. मामाने सलाईन लावलं, डॉक्टरांना बोलावलं, मांडीवर घेऊन बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्याच्या हातात गेलं.

मग तो फुटला. पाण्याची कळशी भिंतीवर फेकली, ती चेपून परत आली. मशीनवरचे गणवेश ओढून फेकले. ‘‘त्या हरामखोराकडून? तू? अख्ख्या गावाला मी ओरडून सांगतो की त्याच्या कागदावर विश्वास ठेवू नका, आणि माझी बायको कागद बघून भुलते?’’

मामी उठली. कपाटातून लशीची पुस्तिका काढली आणि त्याच्या छातीवर आपटली. ‘‘कागद बघून नाही घेतलं. ही सही बघून घेतलं.’’

मोठी, ठसठशीत, शेवटी खाली ओढलेली रेघ.

मामा जमिनीवर बसला. मला आधी वाटलं, चॅम्पियनने सहीची नक्कल केली असणार. मी तसं म्हणालेही. मामाने मान हलवली. सही त्याचीच होती. सात महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी चॅम्पियनच्या शेडमध्ये लसीकरणाचं शिबिर ठेवलं होतं, आसपासच्या सगळ्या कुत्र्यांसाठी. शिबिराच्या दिवशी कंपाउंडरचे दोन्ही हात कुत्र्यात अडकलेले असतात, पेन धरायला तिसरा हात नसतो. म्हणून आदल्या दिवशीच पुस्तिकांवर शिक्के मारून सह्या करून ठेवायच्या आणि तारीख तेवढी कोरी सोडायची, अशी त्याची पद्धत. सगळेच कंपाउंडर असं करतात. त्याने साठ पुस्तिकांवर सह्या केल्या, कुत्री आली तीस-पस्तीस. उरलेला गठ्ठा शेडमध्येच राहिला आणि मामाला त्याची आठवणही झाली नाही.

‘‘स्कूटर काढ,’’ तो मला म्हणाला.

शेडमध्ये चॅम्पियन खुर्चीत बसून नखं कापत होता. मामाने खुर्चीसकट त्याला उलथं केलं आणि छातीवर बसला. पहिला ठोसा नाकावर, ते मोडल्याचा आवाज मला दारात ऐकू आला. मग कानशिलात, मग पुन्हा नाकावर. पिंजऱ्यांतली कुत्री वेड्यासारखी भुंकायला लागली. चॅम्पियनचा मेहुणा फावड्याचा दांडा घेऊन मागून आला आणि मामाच्या पाठीत घातला. दुसरा घालणार तेवढ्यात मी खाद्याच्या पिंपाचं झाकण दोन्ही हातांनी त्याच्या तोंडावर मारलं. ओठ फाटला त्याचा. मी पुन्हा मारलं. मला थांबावंसं वाटत नव्हतं, हे मी कबूल करते. दांडा टाकून तो पळाला तेव्हा मला वाईटच वाटलं.

‘‘किती विकलीस?’’ मामा विचारत होता. ‘‘माझ्या सहीवर किती विकलीस?’’

चॅम्पियनने रक्त थुंकलं आणि हसला. ‘‘सही तुझी, शिक्का तुझा. पोलिसांत चल ना, दोघं बरोबर जाऊ.’’ मामाने मूठ उगारली तसा तो घाईघाईने म्हणाला, ‘‘ऐक, ऐक! उरलेल्या पुस्तिका आत्ता जाळतो तुझ्यासमोर. विकली त्यांना काय कळतंय? पिल्लू मेलं तर नशीब म्हणतील. तू गप्प, मी गप्प. सव्वीस वर्षं घालवणार आहेस का एका सहीपायी?’’

मामाचा हात तसाच वर राहिला. अर्धा मिनिट असेल. त्या अर्ध्या मिनिटाबद्दल मी त्याला नंतर कधी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. माझ्याही मनात आलं होतं, जाळू दे की.

पण अडचण अशी होती की ती पिल्लं अजून घरोघरी होती. पुस्तिकेत लस दिल्याची नोंद, म्हणून मालक लस देणार नाहीत. उलट्या सुरू झाल्या तर कुठलाही डॉक्टर पुस्तिका बघून म्हणेल, पार्वो नसेल, पोट बिघडलंय. आणि लस दिलेली नाही हे सांगायचं तर कुणी सांगायचं? सही खोटी हे सही करणाराच सांगू शकतो.

मामाने चॅम्पियनचा पंजा फरशीवर दाबला आणि करंगळी मागे वाकवली. ‘‘नावं सांग.’’ ती मोडली. चॅम्पियन किंचाळला ते ऐकून कुत्री गप्प झाली. दुसरं बोट धरलं तसं त्याने मोबाइल पुढे केला. शेवटच्या खेपेची सतरा नावं, पत्त्यांसकट. मी ती खाद्याच्या पुठ्ठ्यावर उतरवून घेतली. 

तिथून मामा आधी दवाखान्यात गेला आणि सगळं सांगितलं. डॉक्टर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, ‘‘लशीची पेटी घेऊन मी मागून गाडीने येतो. पण उद्यापासून तू येऊ नकोस.’’ मामाने पांढरा कोट काढला, घडी घातली आणि बाकावर ठेवला. एवढंच. मी शिव्या देणार होते, मामाने माझा दंड धरून मला बाहेर काढलं.

मामी घरून येऊन दवाखान्याबाहेर उभी होती. ती रिक्षात बसली आणि आमच्या मागे निघाली.

पहिल्या चार घरांत पिल्लं धडधाकट होती. लोकांनी आरडाओरडा केला, एकीने मामाच्या तोंडावर दार आपटलं आणि परत उघडून विचारलं, ‘‘डॉक्टर कधी येतात?’’ इथपर्यंत ठीक होतं.

पाचवं घर वेल्डरचं. पुढे दुकान, मागे घर. दारातच एक बाई खराट्याने पाणी मारून फरशी धूत होती आणि मामा तो वास येताच थबकला. वेल्डर बाहेर आला. डोळे लाल. मागे त्याची मुलगी रिकामा पट्टा हातात घेऊन उभी.

‘‘पिल्लू...’’ मामा म्हणाला.

‘‘सकाळी गेलं. तुम्ही कोण?’’

तिथून काढता पाय घेता आला असता. पिल्लू तर गेलंच होतं, त्याला आता सांगून कुणाचा जीव वाचणार होता? मी मामाचा शर्ट मागून ओढलासुद्धा. तो म्हणाला, ‘‘लस दिलीच नव्हती त्याला. पुस्तिकेवर सही आहे ती माझी.’’

वेल्डरला ते कळायला क्षणभर वेळ लागला. मग त्याने भिंतीशी टेकवलेला लोखंडी पाइप उचलला. पहिला वार खांद्यावर, मामा दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. दुसरा त्याच चौकटीवर, त्याच्या उजव्या हातावर. बोटं मोडल्याचा आवाज मी त्या दिवशी दुसऱ्यांदा ऐकला. आयुष्यभर ज्याने एक खाऊन चार परत दिल्या, त्या माझ्या मामाने दुसरा हातसुद्धा वर केला नाही. तो खाली बसला. वेल्डर रडत होता आणि मारत होता, पाठीत, मांडीवर, आणि त्याची मुलगी ‘‘बाबा, बाबा’’ करत होती. मी मध्ये घुसले तर मला कोपर बसलं आणि माझा दात हलला.

मामी रिक्षातून उतरून चालत आली. धावतसुद्धा नव्हती. तिने वेल्डरच्या हातातला पाइप धरला.

‘‘बास,’’ ती म्हणाली. ‘‘आमचंही पिल्लू आजच गेलं. उरलेलं मी घरी मारते.’’

वेल्डरने पाइप सोडला. मामीने मामाला बगलेत हात घालून उठवलं, पदराने त्याचं तोंड पुसलं, जरा जोरातच. त्याचा हात फुगून निळा झाला होता आणि बोटं भलत्याच दिशांना गेली होती. मी म्हटलं, आधी हाडांच्या डॉक्टरकडे जाऊ. मामाने डाव्या हाताने खिशातून पुठ्ठा काढला. अजून बारा घरं होती.

सहावं घर गल्लीच्या टोकाला. मामाचा जबडा इतका सुजला होता की त्याच्या तोंडातून शब्द नीट फुटेना. दार उघडलं, एक तरुण जोडपं, बाईच्या कडेवर काळं-पांढरं पिल्लू, तिच्या बोटाला चावणारं. रक्ताळलेल्या माणसाकडे बघून ती मागे सरकली.

मामीने पुठ्ठा मामाच्या हातातून घेतला आणि पुढे झाली. ‘‘घाबरू नका,’’ ती म्हणाली. ‘‘तुमच्या पिल्लाला लस दिलेली नाही. पुस्तिकेवरची सही माझ्या नवऱ्याची आहे.’’