रिपोर्टात उगवलेली जुनी उधारी

बँकेत लोनच्या टेबलावर बसणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. ते आपणहून समोरच्या खुर्चीत येऊन बसतात! आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरात, नया बाजारातल्या ब्रँचमध्ये मी लोनचे अर्ज बघते. अर्ज आला की क्रेडिट रिपोर्ट काढायचा, आणि त्यातून कुठलं विसरलेलं कर्ज वर येईल, देव जाणे. इतकी वर्षं झाली, मी अजून तोंडात बोट घालते.

*

एक कापडवाले शेठ आले. छाती काढून म्हणाले, "मॅडमजी, आज तक किसी का एक पैसा नहीं रखा!"

रिपोर्टात क्रेडिट कार्डाची थकबाकी!

"हमने कार्ड लिया ही नहीं!" शेठ भडकले. मग हळूहळू आठवलं. मेळ्यात एका स्टॉलवर सही केली की बॅग फुकट मिळत होती. कार्ड कधी वापरलंच नाही, पण वर्षाची फी, फीवर दंड, दंडावर व्याज... 

"और वो बैग," शेठ कसेबसे म्हणाले, "झूले तक पहुँचते-पहुँचते फट गया था!"

*

खासगी बाजारातल्या सुनील कदमांच्या रिपोर्टात जीपचं बुडवलेलं लोन निघालं. त्यांना साधी स्कूटर धड चालवता येत नाही! शोधलं तर शहरातच, थाटीपुरात दुसरे सुनील कदम सापडले. वडिलांचं नावही तेच. दोघांच्या खात्यांची रिपोर्टात अदलाबदल झाली होती.

हे तावातावाने भांडायला गेले. थाटीपुरच्या कदमांनी बसवलं, चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"तरीच! मला घराचं लोन इतक्या पटकन कसं मिळालं म्हणतो मी!"

*

एका मुलीचे वडील होणाऱ्या जावयाला घेऊनच आले, सोबत मुलगीही. "पत्रिका जुळली. आता रिपोर्ट बघू."

मुलगा बिचारा 'काढा' म्हणाला. कॉलेजात हप्त्यावर लॅपटॉप घेतला होता, त्याचे शेवटचे हप्ते राहिलेले. रिपोर्टात जसेच्या तसे!

"असा माणूस संसार काय करणार?" वडील कडाडले.

मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, आता तुमचा काढू या?"

बाबा ताडकन उठले. "चला, चला! हॉल बुक करायला उशीर होतोय!"

*

शालिनीताई डबे देतात. नवऱ्याच्या आजारपणात त्यांचं एक लोन थकलं होतं. तेव्हा त्या बँकेने अर्ध्यावर तडजोड करून खातं बंद केलं. आता डब्यांसाठी नवं लोन हवं, तर रिपोर्टात 'सेटल्ड'. मी सांगितलं, "ताई, याचा अर्थ पूर्ण फेडलेलं नाही."

ताई उरलेले पैसे घेऊन निघाल्या, तर घ्यायला कोणी तयार नाही! ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. ताईंनी महिनोन् महिने खेटे घातले. शेवटी तिथले मॅनेजर हात जोडून म्हणाले, "बहनजी, हमने तो माफ कर दिया था!"

"माफी माँगी किसने थी?" ताई म्हणाल्या. "हमने तो मोहलत माँगी थी!"

*

काकडे सर रिटायर्ड मास्तर. बायकोच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लोन हवं होतं. अर्ज देतानाच त्यांनी मान खाली घातली. "रिपोर्टात एक जुनं निघेल. ओंकारच्या टेम्पोच्या लोनला मी जामीन राहिलो होतो."

ओंकार त्यांचा एकुलता एक मुलगा. धंदा बसला, हप्ते थकले, वसुलीवाले दारात येऊन ओरडू लागले. एका सकाळी तो घरातून निघून गेला. फोन नाही, निरोप नाही. पोलिसांत जाऊन झालं, नातेवाईक पालथे घालून झाले. कित्येक वर्षं झाली त्याला.

"बाकी किती, सांगा," सर म्हणाले. "मीच भरतो."

मी आकडा सांगितला.

"नाही, जास्त होती."

"कमी झालीय, सर. थोडे थोडे पैसे भरले गेलेत."

"मी तर कधी भरले नाहीत!"

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. खाली ओळ होती, शेवटचा भरणा. तारीख मागच्याच महिन्यातली.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. लोन ओंकारच्या नावावर. भरणारं दुसरं होतंच कोण? ऑपरेशनचा अर्ज टेबलावर तसाच राहिला. त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, ऐकतेस का? आहे तो! मागच्या महिन्यात हप्ता भरलाय त्याने!"