हनुवटीची खूण

लोकांना रान दाखवणाऱ्या तळेघरच्या मामांनी मला रानात बोटाने कधीच पक्षी दाखवला नाही. ते नुसती हनुवटी उचलायचे. "हात हलला की कर्णा पाठ फिरवतो," म्हणायचे. कर्णा दाट झाडीत एका फांदीवर बसून किडे टिपतो. नराचं पोट लालभडक, पाठ सुक्या पानासारखी. माणसाची चाहूल लागली की उडण्याआधी तो लाल पोट लपवून बसतो.

अवसरीच्या कॉलेजातून शनिवारची एसटी पकडून मी त्यांच्याकडे जायचे. मी परप्रांतातली, मराठी बोलताना अडखळायचे, म्हणून गप्पच असायचे. मामांना ते बरं वाटे. "पोरगी लई बोलत न्हाई, रानात न्यायला बरी." हळूहळू मीही हनुवटीनेच बोलू लागले.

त्या एप्रिलमध्ये कर्ण्याच्या जोडीने एका कुजक्या खोडात अंडी घातली. आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. मामांकडे रान बघायला तीन फोटोवाले आले.

"घरटं कुठंय?"

"औंदा न्हाई, पावणं."

एकाने वळून मला इंग्रजीत तेच विचारलं, अगदी गोड आवाजात. मी बोलले नाही. पण माझी हनुवटी खोडाच्या दिशेने उचलली गेली.

तो तडक तिकडे निघाला. स्पीकरवर त्याने कर्ण्याची शीळ लावली. अंड्यांवरचा नर उठला आणि त्या खोट्या कर्ण्याला शोधत फांदीफांदीवर फिरू लागला. अंडी उघडी, आणि वर टकाचोर, अंडी पळवणारा पक्षी, ओरडत होता.

मामा खोडासमोर जाऊन बसले, कॅमेऱ्यांकडे पाठ करून.

"मामा, फ्रेममध्ये येताय!"

"मंग माजाच काढा फोटू. पाठीचा."

शेवटी फोटोवाले चिडून गेले. आम्ही करवंदीच्या जाळीमागे सरकलो. टकाचोर एक फांदी खाली आला, मग अजून एक. तेवढ्यात नर परतला आणि खोडात शिरला. मामांनी श्वास सोडला. मला ते रागावले नाहीत. पण पुढची दोन वर्षं एकही घरटं दाखवलं नाही.

यंदा त्यांचे गुडघे गेले. परवा अंगणात खाटेवरून म्हणाले, "वढ्यापल्याड, वाकड्या हिरड्यापाशी घरटं हाय. रोज बघून ये." मी उठले, तेव्हा त्यांनी डोळे बारीक केले. "आन् कुणी इचारलं तर?"

मी अंगणातच, त्यांच्याकडे पाठ करून बसले.