केशवाचा माधव करणारे संकेतस्थळ

नातीने मला तिच्या आवडीची संकेतस्थळे दाखविली, तेव्हा माझे मन त्यांच्याविषयी कलुषित नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे लिहिणार आहे ते रागाने लिहिणार आहे, आणि तो राग अद्याप उतरलेला नाही.

तात्यापाऱ्यातील, म्हणजे हिंदी मुलखातल्या जुन्या मराठी वस्तीतील, आमच्या घरात नात संगणकासमोर बसली की तिला हाक ऐकू येत नाही. चित्रकला शिकून ती एका जाहिरातीच्या कार्यालयात नोकरी करते. परंतु तिचे खरे विश्व म्हणजे कॉमिक्स, अंतराळातील युद्धांचे चित्रपट आणि मुखवटे घातलेले वीर. रविवारी दुपारी ती मला शेजारी बसवून घेई. एका स्थळावर लोकांनी रद्दीतून शोधून काढलेली जुन्या हिंदी कॉमिक्सची मुखपृष्ठे डाग पुसून, क्रम लावून ठेवली होती. दुसऱ्यावर आपल्या लाडक्या वीराचा पोशाख घरच्या शिलाईयंत्रावर कसा शिवावा, हे मापांसह सांगितले होते. तिसरे तिचे सर्वांत लाडके. त्यावर एक सदर चाले, ज्यात वाचक चित्रपटांतल्या नि कॉमिक्समधल्या चुका पकडून पाठवीत. एका वीराच्या पट्ट्याचे बक्कल एका दृश्यात डावीकडे वळलेले होते आणि पुढच्या दृश्यात उजवीकडे. तेवढ्यावरून वाचकांचा आणि खुद्द संपादकाचा आठवडाभर वाद पेटला होता. मला तो वाद मनापासून आवडला. पाठशाळेत आम्हीही एका स्वराच्या उच्चारावरून अख्खी दुपार घालवीत असू. ज्यावर प्रेम असते त्याचे बारकावे माणूस जपतो, आणि ही मुले जपत होती.

त्याच स्थळाने सणानिमित्त देवतांची कॉमिक्सच्या धाटणीतील चित्रे मागविली. निवडलेले चित्र मुखपृष्ठावर लागणार होते. महाविद्यालयात असल्यापासून नात तेथे चित्रे पाठवीत आली होती आणि दर वेळी तिला नकार आला होता. या वेळी तिने केशव काढायचे ठरविले व माझ्याकडे आली.

मी तिला समजावून सांगितले की विष्णूच्या चोवीस रूपांत शंख, चक्र, गदा आणि पद्म हीच चार आयुधे असतात. कोणते आयुध कोणत्या हाती, यावरूनच रूप ओळखायचे. संध्येत आचमन करताना आपण जी नावे घेतो, तीच ही रूपे. केशवाच्या खालच्या उजव्या हाती पद्म, वरच्या उजव्या हाती शंख, वरच्या डाव्या हाती चक्र आणि खालच्या डाव्या हाती गदा. तिने हे सारे तिच्या वीरांच्या शस्त्रांसारखे चटकन लक्षात ठेवले. चित्र ठळक रेषांचे आणि गडद सावल्यांचे झाले. सौभाग्यवतींना देवाचे दंड आखाड्यातल्या पहिलवानासारखे वाटले. मला त्यात काही वावगे दिसले नाही. हात बरोबर होते.

चित्र निवडले गेले. नातीने कार्यालयात पेढे वाटले. ज्या दिवशी ते लागायचे होते, त्या दिवशी आम्ही सर्व पडद्यासमोर जमलो, आणि चित्र दिसताच माझे जोडलेले हात तसेच राहिले. पद्म डावीकडे गेले होते. गदा उजवीकडे आली होती. शंख आणि चक्र यांनीही जागा बदलल्या होत्या. आरशात पाहावे तसे सगळे चित्र उलटविलेले होते. चोवीस रूपांत हा क्रम माधवाचा आहे. खाली मात्र मोठ्या अक्षरांत ‘केशव’ असे लिहिलेले होते.

मी फोन लावायला सांगितले. नात टाळाटाळ करीत होती. शेवटी तिने संपादकाला फोन लावून आवाज सर्वांना ऐकू येईल असा ठेवला. माणूस तरुण वाटला, नम्रही होता. शीर्षक चेहऱ्यावर येत होते, म्हणून चित्र उलटे केले, एवढेच झाले, असे तो म्हणाला; कोणाच्या लक्षातही येणार नाही. मी त्याला आयुधांचा क्रम सांगितला. त्याने शांतपणे ऐकले आणि प्रसन्न होऊन उपाय काढला.

“तो दादाजी, नीचे माधव लिख देते हैं. दो मिनट का काम है.”

शास्त्राप्रमाणे पाहता त्याचे म्हणणे चूक नव्हते. मला खुणेने शांत राहायला सांगणारी नातच तेव्हा बोलली.

“भैया, जनेऊ देखिए. उलटे कंधे पर आ गया है. ऐसे तो श्राद्ध में पहनते हैं.”

मग तो तितक्याच नम्रपणे म्हणाला की त्रास होत असेल तर चित्र काढून टाकतो, रांगेत दुसरी पुष्कळ चित्रे आहेत. नातीने फोन बंद केला.

माझा संताप पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, काहून एवढे तापून राहिले तुम्ही? पोट्टीचं चित्र लागलं ना? तिले खुश राहू द्या.”

अज्ञानाचा मला राग येत नाही. आयुष्यभर मी अज्ञानालाच शिकवीत आलो. परंतु येथे अज्ञान नव्हते. बक्कल कोणत्या बाजूला, यावर आठवडा घालविणाऱ्या माणसाला डावे-उजवे कळत नाही, हे मी कसे मानू? त्याच्या लेखी कारखान्यात घडलेल्या वीराचे बक्कल ही वस्तुस्थिती होती आणि देवाचे हात ही नुसती सजावट. त्याने भक्त व्हावे, अशी माझी अपेक्षा नव्हती. जी काळजी त्याने बक्कलाची घेतली, तेवढीच या हातांची घ्यायची होती. आणि ज्या मुलीने ती घेतली, तिला त्याने रांग दाखविली.

चित्र काढून टाकायला सांग, असे मी नातीला म्हटले.

“हटवा दूँ तो फिर कभी नहीं लेंगे, आजोबा,” ती म्हणाली.

तिला मराठी समजते. उत्तर मात्र ती हिंदीत देते. मी हट्ट सोडला. चित्र तिचे होते आणि इतक्या वर्षांची प्रतीक्षाही तिचीच होती.

तिने जे केले ते मला सुचले नसते. मूळ चित्र आणि उलटविलेले चित्र शेजारी शेजारी ठेवून, ते तिने त्याच स्थळाच्या चुका पकडण्याच्या सदरात पाठविले. तक्रारीचा एक शब्द नाही. वर फक्त एवढा प्रश्न की मुखपृष्ठावर कोण उभे आहे, ओळखा. ते सदर वाचकांनी पाठविलेले आपोआप लावते, त्यामुळे कोणाला अडविता आले नाही. संध्याकाळपर्यंत वाचकांची झुंबड उडाली. कोणी आपल्या गावच्या मंदिरातल्या मूर्तीची छायाचित्रे लावली, कोणी क्रम पडताळून पाहिला, कोणी जानव्याचा मुद्दा धरून बसला. एकाने लिहिले, “एडिटर साहब ने भगवान की भी सेल्फी ले ली.” एरवी देवाच्या बाबतीत मला अशी थट्टा रुचत नाही. त्या दिवशी, सेल्फीत डावे-उजवे उलटते हे कळल्यावर, मी ती नातीकडून दोनदा वाचून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र सुलट झाले होते. शीर्षक लहान करून वरच्या कोपऱ्यात नेले होते. म्हणजे ते पहिल्याच दिवशी करता आले असते. खाली एका ओळीत जागरूक वाचकांचे आभार होते. संपादकाने नातीला दोन शब्द कळविले नाहीत, क्षमा तर दूरच.

ती मात्र खुशीत होती. पडदा माझ्याकडे वळवून म्हणाली, “तस्वीर सीधी तो हो गई ना, आजोबा. अब भी गुस्सा हो?”

“हो,” मी म्हणालो.

मग चष्मा पुसून मी नीट पाहिले. पद्म खालच्या उजव्या हाती होते, जानवे डाव्या खांद्यावर होते, आणि कोपऱ्यात तिचे नाव होते. मी हात जोडले, आणि हा नमस्कार केशवाला आहे, त्या संकेतस्थळाला नाही, हे तिला स्पष्ट सांगितले.