नऊ इंचांची भिंत

कट्टा गावच्या बाजारात माझं पाइप आणि नळांचं दुकान आहे. अठरा वर्षं मी ते भाड्याच्या गाळ्यात चालवलं. मग मुंबईच्या मालकांचा फोन आला. चतुर्थीला गावी येतील तेव्हा गाळा विकून मोकळे होणार होते. पहिला हक्क माझा, पण रक्कम एकदम हवी. नाहीतर शेजारचा मोबाईलवाला तयारच होता. माझ्याकडे एकच वाट होती, राहतं घर बँकेकडे तारण ठेवायचं.

बँकेने घराची किंमत ठरवायला एक व्हॅल्युअर पाठवला. टेप त्याच्या पिशवीत होती, तिथेच राहिली. फणस पिकलाय का बघतात तशी त्याने बैठकीच्या भिंतीवर बोटांनी टकटक केली, चहा घेतला आणि गेला. अहवालात त्याने लिहिलं: भिंती एकेरी विटेच्या, साडेचार इंची. माझ्या भिंती दुहेरी, नऊ इंची. त्याच्या हिशेबाने कर्ज थोडं कमी पडत होतं.

"गप सही करा," बायको म्हणाली. "कमी पडता ता माझ्या भावाकडसून घेवया."

मेहुण्याकडे हात पसरायचा, तोही कोणीतरी टेप बाहेर काढली नाही म्हणून. मी बँकेला तीन पानी अर्ज लिहिला. पहिला अहवाल चुकीचा, बेजबाबदार आणि मला अमान्य असल्याने रद्द करून फेरतपासणी करावी. खाली सही केली, तारीख घातली आणि पोच घेतली.

एवढा राग येण्याचं कारण त्या भिंतीच होत्या. आमच्याकडे सगळे जण जांभ्या दगडाच्या चिऱ्याचं घर बांधतात. मीही तेच करणार होतो, पण खाणवाला भाव उतरवेना. वर मला म्हणाला, "परवडत नाय तर झावळां लावा." त्याच पावली परत आलो. माझ्या घरात एक चिरा येणार नाही, असं चारचौघांत सांगितलं आणि घाटावरून ट्रकने विटा मागवल्या. विटांचे गवंडीही घाटावरचे, त्यांचा दर जास्त. मी गावातला म्हातारा गवंडी धरला. त्याचा जन्म चिऱ्यात गेला होता, पण भिंत ती भिंत. त्याने विटांचा आकडा सांगितला. गवंडी नेहमी वाढवून सांगतात, म्हणून मी बऱ्याच कमी आणल्या. आणि त्या पुरल्या. चौदा वर्षं ही गोष्ट मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलो.

फेरतपासणीला सावंतवाडीहून एक मॅडम आल्या. त्यांनी टेप काढली, खिडकीत लावली आणि वहीत लिहिलं: नऊ इंच. मी बायकोकडे बघितलं.

"तुमचं बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "मला पुरेसं आहे हे."

इथे थांबायला हवं होतं. पण साडेचार इंच लिहिणाऱ्याला कायमचा धडा मिळावा असं मला वाटत होतं. "मापावर जाऊ नका. फोडून बघा," मी म्हटलं. त्या नको म्हणत होत्या, तरी मी म्हाताऱ्या गवंड्याला छिन्नी घेऊन बोलावून घेतलं.

तो आला आणि बैठकीच्या भिंतीपुढे नुसता उभा राहिला.

"हंय नको फोडू, झिला. पायरेकडे फोडूया. थंय बरी आसा."

"काकानू, हंयच फोडा."

त्याने फोडलं. बाहेरच्या बाजूने एक वीट उभी, आतल्या बाजूने एक वीट उभी. मधल्या पोकळीत तांबडी माती आणि चिऱ्याचे तुकडे.

"ह्यां काय?" मी विचारलं.

"गडगो घालतत ना कुंपणाक, तसो घातलंय," तो शांतपणे म्हणाला. "मागितलंय तेवढ्यो विटो तू हाडलंस? घर मातर पुरा होवक व्हया हुतां."

"आणि चिरे?"

"खाणीर फुकट गावतत तुकडे. तुझे पैशे वाचवलंय."

बायको तोंडाला पदर लावून आत गेली. मॅडमनी फोटो काढले आणि वहीतल्या 'नऊ इंच'पुढे आणखी चार ओळी लिहिल्या. वाईट वाटतंय असं त्या म्हणाल्या, पण बघितलेलं न लिहिणं त्यांना जमणार नव्हतं. त्यांनी लावलेली किंमत पहिल्या व्हॅल्युअरच्या किमतीहून बरीच खाली होती.

मी बँकेत गेलो आणि पहिला अहवाल चालेल म्हणून सांगितलं.

"तो रद्द झाला," साहेब म्हणाले.

"कोणी केला?"

त्यांनी माझा अर्ज फिरवून माझ्यासमोर ठेवला.

मेहुण्याकडून पैसे घेतलेच, तरी पुरले नाहीत. चतुर्थीला मालक आले, त्यांनी गाळ्याचे दोन भाग केले. रस्त्याकडचा मी घेतला, मागची लांब खोली मोबाईलवाल्याने घेतली. माझ्या भागात वीस फुटी पाइप आडवा मावत नाही. म्हणून मागच्या खोलीतली एक बाजू मी त्याच्याकडून भाड्याने घेतली आहे. त्याने सांगितलं त्यातलं बरंच भाडं मी कमी करून घेतलं.