थंड पडणारी हलगी

कपिलचं मंचरला टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. लोक टीव्ही दुरुस्त करण्याऐवजी नवाच घेऊ लागले, तेव्हा त्याने पाटीवर 'कॉम्प्युटर' हा शब्द वाढवला. त्यानंतर दोन्ही धंदे मिळून एका माणसाला पुरेल इतका कंटाळा नियमित मिळू लागला.

२००४ साली पुण्याहून आणलेल्या एका जुन्या मशीनमध्ये त्याला एक सॉफ्टवेअर सापडलं. त्यात वाद्यांचे आवाज भरून ठेवलेले नव्हते. तिथे वाद्य गणिताने बांधायचं होतं. तार किती लांब, किती ताणलेली, कुठे छेडली, एवढे आकडे भरले की ती कशी थरथरेल हे कॉम्प्युटर काढी, आणि जगात कुठेच नसलेली तार स्पीकरमधून वाजे. तयार वाद्यांत व्हायोलिन होतं, बासरी होती, चर्चमधला ऑर्गन होता. मंचरच्या वरातींत ऑर्गनला मागणी नव्हती.

"हलगी बसव राव ह्यात," बँजो पार्टीवाला नवनाथ म्हणाला. "कीबोर्डातली हलगी म्हंजी बादली बडवल्यावानी वाटती. लोक नाचायचे थांबत्यात."

कपिलने मान डोलावली. अडचण अशी होती की हलगीची मापं घ्यायला हलगी लागते, आणि कपिलच्या घरात हलगी येणं शक्य नव्हतं.

त्याचे आजोबा भिमाजी मंचरजवळच्या त्यांच्या गावचे हलगीवाले. लग्न असो, मयत असो की यात्रा, गावाने हाक मारली की हलगी घेऊन हजर व्हायचं. नाही म्हणण्याची सोय त्या कामात नव्हती. छप्पन्न साली बौद्ध झाल्यावर भिमाजींनी हलगीचं कातडं पुरलं आणि लाकडी कडं चुलीत घातलं. गावाने उत्तरादाखल त्यांचं दळण बंद केलं. पुढची काही वर्षं ते घर पीठ आणायला मंचरपर्यंत चालत जाई. भिमाजींचा मुलगा, म्हणजे कपिलचे वडील भागुजी, तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते. पुढे ते एसटीत मेकॅनिक झाले, निवृत्त झाले, आणि एवढ्या काळात त्यांनी हलगी हा शब्दही उच्चारला नाही.

"आबा, ह्यात कातडं नाय," कपिलने घरी सांगून पाहिलं. "नुसते आकडे हायेत."

"मंग आकड्यान्ला विचार," भागुजी म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

कपिल परगावच्या यात्रांमध्ये हलगीवाल्यांशेजारी उभा राहू लागला. दुकान बंद करून घरी आला की कॉम्प्युटरवर बसे. कडं केवढं, कातडं किती जाड, जाड काठी कुठे पडते, बारीक काडी कुठे. आवाज जवळ येई, पण जिवंत होत नसे. मग त्याच्या ध्यानात आलं की हलगीवाले मध्येच उठून उसाचं पाचट पेटवतात आणि त्यावर हलगी शेकतात. गरम कातडं ताणलं जातं, आवाज कडक होतो. वाजवता वाजवता ते थंड पडतं आणि आवाज उतरतो. कपिलने हे थंड पडणं आकड्यांत घातलं, आणि शेकण्यासाठी एक बटण केलं. इतरांनी ताण कायमचा ठेवून विषय संपवला असता. पण त्याला हुबेहूब हवी होती, आणि हुबेहूबपणा हा रोग एकदा लागला की लवकर सुटत नाही.

एका संध्याकाळी तो वाजवून बघत होता. भागुजी पाण्याचा तांब्या घेऊन मागून चालले होते.

"उतरली ती. शेक," ते म्हणाले.

म्हटल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला आणि ते ओट्यावर जाऊन बसले. कपिलला दोन वर्षांत मिळालेली ही एकमेव शाबासकी. त्याने बटण दाबून हलगी शेकून घेतली.

अवसरीच्या एका वरातीत नवनाथने ती हलगी पहिल्यांदा वाजवली. सुरुवातीला पोरं तुटून नाचली. मग आवाज बसत गेला.

"कपिल, तुजी हलगी झोपली रं!" नवनाथ ओरडला.

"शेक की. बटण दिलंय."

"मी वाजवू का शेकोटी करू? तू बस हितं."

तेव्हापासून वरातीच्या गाडीत कॉम्प्युटरशेजारी कपिल बसू लागला. आवाज उतरला की बटण दाबायचं. जे वाद्य जगात नव्हतं, त्याला शेकायला मात्र माणूस लागत होता.

बातमी गावात पोचली. चैत्राच्या तोंडावर यात्रा कमिटीचे सावळेराम घरी आले. एरवी 'भागू' म्हणणारे सावळेराम त्या दिवशी 'भागुजीबाबा' म्हणाले.

"नवनाथची पार्टी ठरवली यात्रेला. पर खरी गंमत कपिलरावांची. किती वर्सं झाली, गावची हलगी गावात वाजली न्हाई. देवळाच्या पायरीखाली डाव्या अंगाला टेबल टाकतो. पहिल्यापासनं तुमचीच जागा हाय ती."

हे ते प्रेमाने म्हणाले. त्यांच्या मते हा मान होता. चहा पिऊन ते गेले.

"जागा बराबर ध्यानात ठेवली त्यानं," भागुजी म्हणाले.

"आबा, मी वाजवणार नाय. वाजवणार नवनाथ. मी नुसतं बटण दाबणार."

"मीबी आदी नुसता शेकायलाच बसायचो. वाजवणं मागनं आलं."

नवनाथने सुपारी घेतली होती, ती मोडता येत नव्हती. आणि कपिल शेजारी नसेल तर हलगी अर्ध्यात बसणार होती. दुसऱ्या दिवशी दुकानात त्याने थंड पडणं काढून टाकलं. ते गेल्यावर शेकण्याला अर्थ उरला नाही, बटणही काढलं. आता हलगी पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत सारखीच वाजत होती, आणि ती वाजवायला फक्त वीज लागत होती. जुनी फाईल त्याने पुसली. ती कुठेतरी आहे म्हटलं की कोणीतरी मागायला येणारच.

घरी त्याने हे सांगितलं. भागुजींनी पेपर खाली ठेवला.

"खरीवाली ठिवली का कुटं?"

"नाय."

"ऐकाया बरी व्हती," ते म्हणाले.

यात्रेच्या दिवशी कपिलने दुकान उघडं ठेवलं. गिऱ्हाईक आलं नाही, कारण सगळे यात्रेला होते. आठवड्याने सावळेराम रिमोट दुरुस्तीला घेऊन आले.

"वाजली हलगी, पर मजा न्हाई आली राव. पत्र्यावानी. अवसरीला लई भारी व्हती म्हनं?"

"अवसरीला मी बसलो व्हतो."

"मंग हितं का न्हाई बसला? पुढल्या साली तुमी सोता या. टेबलाला चादर टाकू, पंखा लावू."

"नाय," कपिल म्हणाला आणि रिमोट उघडला.

या एका शब्दासाठी त्याने दोन वर्षांचं काम मोडलं होतं. सावळेरामांना तो शब्द फारच लहान वाटला असावा. पुढे काही कारण येईल म्हणून ते काउंटरला टेकून थांबले. पुढे काही आलं नाही.