मातकट बदकं

तळ्यावरची आक्का बदकाला पाठमोरं ओळखायची. समोरून काय, कुणीही ओळखेल! धारूरच्या डोंगराखाली आमचं तळं. मच्छीमार सोसायटीनं तिला तिथं राखणीला ठेवलेलं. नाव काहीतरी चांगलं होतं तिचं, पण सगळ्या गावाची ती आक्काच.

मी तेव्हा पंचविशीतली, नवरा वारल्यावर माहेरी परत आलेली. उंबरा ओलांडत नव्हते. आई म्हणाली, "निदान आक्काची भाकरी तरी देऊन ये." तिथून हे सुरू झालं बघा.

थंडीतले बदकांचे नर नटलेले, त्यांना ओळखायला काय लागतं? माद्या मात्र सगळ्या मातकट. मी म्हणाले, "आक्का, ह्या सगळ्या सारख्याच की गं."

तशी ती उसळली. "आन आपुन दोघी? पांढऱ्या कपाळाच्या म्हणून सारख्याच का? रंग नको बघू माय. बसती कशी, उठती कशी, ते बघ."

उलथन्यासारखी चपटी चोच पाण्याला लावून झाडत जाते ती उलथनी. तव्यावरच्या लाहीसारखी सरळ वर उडते ती लाही. डोळ्यावर रेघ ओढलेली ती भिवई. ही नावं आक्कानं तरुणपणीच ठेवलेली. पुस्तकातली नावं मला फार पुढं कळली. तोंडात अजून आक्काचीच आहेत.

मग तो दुष्काळ आला. संक्रांतीलाच तळं डबक्यावर आलं. आजूबाजूचं पाणी आधीच आटलेलं, म्हणून होती नव्हती तेवढी बदकं आमच्याकडे. एका सकाळी सोसायटीचे चेअरमन चार सभासद आणि फटाक्यांची पिशवी घेऊन हजर.

"आक्का, तुमची बदकं माशांची बारकी बोटुकली खायलीत. हुसकून लावतो."

"कुठं जातील वो? दुसरीकडं पाणी न्हाई. आन ही मासं खात न्हाईत. खातो तो पाणकावळा."

"तुम्हाला दिसतंय तरी का? परवा माझ्या म्हशीला पावनं म्हणून हाक मारली तुमी!"

सगळे हसले. आक्कानं मान खाली घातली. तिची मान खाली गेलेली मी कधी पाहिली नव्हती. पदर घट्ट धरून मी म्हणाले, "मला दिसतंय." आणि बोट करून सांगत सुटले. ती उलथनी, चिखलपाणी गाळून खाते. त्या पलीकडच्या भिवया...

तेवढ्यात त्या उडाल्या. आक्का मान खाली घालूनच म्हणाली, "लाह्या हायत त्या. उठताना ऐकलं न्हाईस?"

खरंच की! सरळ वर गेल्या, पंखात हिरवं चमकलं. चेअरमन बघतच राहिले. मग पिशवी सभासदाच्या हातात देत म्हणाले, "न बघता एवढं कळतंय बाईला. ऱ्हाऊ द्या बदकं. पाणकावळं तेवढं हुसका."

त्यानंतर मीच तिला अंबाजोगाईला नेलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू जुना आहे, कित्येक वर्षांचा. पट्टी सुटली तशी आक्का माझ्याकडे टकमक बघत म्हणाली, "अगं, तुझ्या हनुवटीवर तीळ हाय की!"

दोन वर्षं मी तिच्या हातात भाकरी देत होते. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. 'रंग नको बघू' म्हणायची, कारण रंग तिला दिसतच नव्हते.

"मग मला कशी ओळखायचीस गं?"

"चालीवरनं. पहिल्या दिशी पाय वढत आलतीस. पुढं हळूहळू उचलून टाकाय लागलीस."

आता आक्का नाही. तळ्याच्या वाटेवर कधी पाय जड झाले, की मी मुद्दाम उचलून टाकते. वाटतं, ती ऐकतेय.