सहकुटुंब या, म्हणत फिरलो

शांताताई, गुडघा काय म्हणतो? अशोकराव, साखर आटोक्यात आहे ना? कळसाडीच्या वहिनी, खोकला गेला का? ग्रुपवरच्या सगळ्यांना सांगतो, मी बरा आहे.

आपल्या सुनीलचा, माझ्या भाच्याचा, अहिराणी विनोदी सिनेमा आज नंदुरबारच्या टॉकीजला लागला. सकाळी रिक्षाला भोंगा बांधून मीच मिरचीबाजारात ओरडत फिरलो, "सहकुटुंब या, पोट धरीसन हसा." लोक आलेही.

दुपारच्या खेळाला मीही जाऊन बसलो आणि सवयीने शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकला. हिची जागा मी नेहमी अशीच धरायचो. ती जाऊन वर्ष झालं, पण हाताला ते अजून कळत नाही.

एका बाईने विचारलं, "बाबा, जागा धरेल शे का?"

मी "शे" म्हणून गेलो. ती बिचारी पुढच्या रांगेत जाऊन बसली.

सिनेमा झकास आहे. सगळं टॉकीज हसत होतं. मी मात्र प्रत्येक विनोदाला त्या रिकाम्या खुर्चीकडे वळायचो आणि हसू तोंडातच राहायचं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघूनच हसायचो ना.

बाहेर सुनील वाटच बघत होता. "मामा, हसनात का?"

"हसनू ना भो, पोट दुखी ऱ्हायनं."

त्याचा चेहरा खुलला. मी खोटं बोललो, ते मात्र मनाला लागून राहिलं आहे. म्हणून रविवारी पुन्हा जाणार आहे, खरंखुरं हसायला. तुमच्यापैकी कोण येतं माझ्या शेजारी बसायला? सिनेमा आधी पाहिलेला असला तरी चालेल. लवकर लिहा, मी फोन हातातच धरून बसलो आहे.